कमोडोरांच्या दारातली पाटी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

लागली! नोकरी लागली, आणि तीही घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. आईला वाटतंय मी नेव्हीत भरती झाले. कन्नमवार नगरातल्या आमच्या आख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटली आहे. म्हटलं, अगं आई, नेव्हीतून निवृत्त झालेल्या एका साहेबांचं आत्मचरित्र लिहून द्यायचंय, तोफ नाही उडवायची. तिच्यावर ढिम्म परिणाम नाही. दर्शना नेव्हीत लागली म्हणजे लागली.

साहेब म्हणजे कमोडोर जयवंत बांबर्डेकर. वय त्र्याहत्तर, मूळ गाव देवबाग, आता मुक्काम नाहूर, अकरावा मजला. मूलबाळ नाही, बायको तीन वर्षांपूर्वी गेली. पांढरी मिशी अशी कातरलेली की पट्टी लावून मोजावी. ते बोलणार, मी लिहून घेणार, मग नीट भाषेत बसवणार. पुस्तकाचा मजकूर नौदल दिनाला, म्हणजे चार डिसेंबरला, प्रकाशकाच्या हातात पडायला हवा. त्याच दिवशी त्यांचा कुठेतरी सत्कारही आहे. एका महिन्यात चाळीस वर्षांची नोकरी लिहायची. वाट लागणार आहे माझी, पण मजा येईल.

घरात जहाजाचीच भाषा. स्वयंपाकघर म्हणजे गॅली, जमीन म्हणजे डेक. मी पहिल्याच दिवशी गॅलीतला चहा डेकवर सांडला. स्वयंपाकाच्या रत्नप्रभामावशी मालवणच्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. लिहायला मला एक आतली खोली दिली आहे, ती केबिन. खिडकी नाही, वर छताजवळ डक्टमध्ये उघडणारी हातभर जाळी तेवढी.

आणि दाराशी एक पाटी आहे. आपण शाळेत घ्यायचो तशी, लाकडी चौकटीची, दोरीला पेन्सिल बांधलेली. घरात शिरणाऱ्याने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, जाताना स्वतःच्या हाताने पुसायचं. मोबाइल पाटीखालच्या टोपलीत. मी हसले तर सर म्हणाले की जहाजावरची पद्धत आहे, हसू नकोस. बरं बाबा, नाही हसत. लिहिलं: दर्शना गमरे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काम झकास चाललंय. सर सांगतात छान. देवबागच्या शाळेतून निघालेला मुलगा, पायात बूट पहिल्यांदा घातले ते थेट मुलाखतीला, आणि ते बूटही मामाचे, पुढे कापूस कोंबलेले. मग प्रशिक्षण, पहिलं जहाज, पहिले चार दिवस नुसत्या ओकाऱ्या. वरिष्ठाने हातात बादली दिली आणि सांगितलं की ओकत ओकत ड्यूटी कर. हे सांगताना सर इतके हसले की मावशी आतून बघायला आल्या.

पाटीचंही कारण सांगितलं आज. जहाजाच्या तळाशी मोठाल्या टाक्या असतात, तोल राखायला त्यांत समुद्राचं पाणी भरतात. त्या रिकाम्या केल्या की आत माणूस उतरवून गंज खरवडतात. आत शिरायचं भोक जेमतेम खांद्याएवढं. त्या भोकाशी पाटी ठेवतात. उतरणाऱ्याचं नाव पाटीवर, आणि तो बाहेर आला, त्याचं तोंड डोळ्यांनी दिसलं, की मगच पुसायचं. पाटी कोरी झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. मला हे फार आवडलं. पहिल्या प्रकरणात घालू का विचारलं तर नको म्हणाले.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज जाताना घाईत नाव पुसायचं विसरले. लिफ्टपर्यंत पोचले तर मावशी अनवाणी धावत आल्या. म्हटलं, तुम्हीच पुसा ना, त्यात काय. तर माझं मनगट धरून मला परत दारात नेलं. म्हणाल्या, ‘‘गो चेडवा, आपला नाव आपणच पुसूचा. दुसऱ्याक पुसूक देव नको.’’ म्हणजे दुसऱ्याला पुसू द्यायचं नाही. हात गार पडला होता त्यांचा. मी पुसलं. म्हातारी माणसं एकत्र राहून एकमेकांना वेड लावतात, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सर १९७९पर्यंत आले. लेफ्टनंट होते, एका जुन्या जहाजावर. जहाजाचं नाव लिहायचं नाही म्हणाले, ‘जहाज’ एवढंच लिही. मग एकदम १९८१च्या बढतीवर उडी मारली. मी विचारलं, मधलं वर्ष? तर म्हणाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ज्या माणसाला पंचावन्न वर्षांपूर्वीचे मामाचे बूट आठवतात त्याला आख्खं वर्ष आठवत नाही? पण आपण कोण बोलणारे.

दुपारी केबिनमध्ये एकटी लिहीत बसले होते. टेबलामागच्या भिंतीतून आवाज आला. ठक, ठक, ठक. जरा थांबून पुन्हा तीन. धातूवर धातू मारल्यासारखा. बाहेर येऊन सरांना सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, पाइप आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

गॅलीतला नळ गळतो म्हणून सोसायटीचा प्लंबर आला होता. मी त्याला केबिनची भिंत दाखवली. त्याने वाजवून बघितली आणि हसला. म्हणाला, मॅडम, या भिंतीत पाइपच नाही. नकाशात पण नाही.

सरांना हे सांगितलं नाही. का कोण जाणे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज नीट लिहायला हवं. सकाळी दहाला पोचले, पाटीवर रत्नप्रभामावशींचं नाव होतं, खाली मी माझं लिहिलं. साडेबाराला पाणी प्यायला बाहेर आले तर पाटीवर तीन नावं. तिसरं माझ्या खाली, वाकड्या, शाळकरी अक्षरात: दशरथ वैती.

मी विचारलं, कोणी आलंय का? सर जेवणाच्या टेबलाशी होते. उठले, पाटी बघितली आणि एका दमात बाहीने ते नाव पुसून टाकलं. नुसतं तेवढंच, आमची दोघींची नावं सोडून. पांढऱ्या सदऱ्याची बाही काळी झाली. मावशींनी गॅलीचं दार आतून लावून घेतलं.

केबिनची भिंत ओली होती. बोट लावून चाखलं. खारट. अकराव्या मजल्यावर, यार.

२० नोव्हेंबर, बुधवार

मावशींना लिफ्टपाशी गाठलं. सगळंच बोलल्या.

सरांच्या पत्नी तापट होत्या, त्यांना ही पाटी आवडायची नाही, पण नाव लिहायच्या. तीन वर्षांपूर्वी एके दुपारी सरांना वाटलं बाई खाली भाजीला गेल्या आणि जाताना पुसायचं विसरल्या. सरांनी बाईंचं नाव पुसलं. बाई न्हाणीघरात होत्या. मग दोन दिवस सगळे शोधताहेत, पोलीस येऊन गेले, मावशी स्वतः त्याच न्हाणीघरात चार वेळा गेल्या, फरशी धुतली. बाई दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दिसल्या, तिथेच, दाराला टेकून. नखं तुटलेली होती. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला.

मावशी म्हणाल्या की मी फरशी धुतली गो, ती थंयच होती आणि मी फरशी धुतली. मग मोठ्याने रडल्या. मी विचारलं, तरी तुम्ही इथे राहता? तर म्हणाल्या, या वयात दुसरीकडे कोण ठेवणार मला.

उद्यापासून जायचं नाही असं ठरवून घरी आले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले. आईला काय सांगणार होते? की पाटीवर नाव उमटतं म्हणून नोकरी सोडली? शिवाय खरं सांगायचं तर मला कळायला हवं होतं दशरथ वैती कोण ते. चोंबडेपणा माझ्या रक्तातच आहे.

कळलं. १९८०ची कागदपत्रं ज्या खोक्यात असायला हवीत त्यात पत्रांचा गठ्ठा मिळाला. चव्वेचाळीस पत्रं, दर वर्षी एक, सगळी खाडीपलीकडच्या मनोरी गावाहून आलेली. आधीची आईची, कोणाकडून तरी लिहून घेतलेली, नंतरची बहिणीची. सगळ्यांत मजकूर एकच. माझा दशरथ तुमच्या जहाजावर होता. तो पळून गेला असं कागद आला. गाव आम्हाला पळपुट्याचं घर म्हणतं. साहेब, तुम्ही त्याचे अधिकारी होता, तुम्हाला काही ठाऊक असेल तर दोन ओळी लिहा.

सरांनी एकही पत्र फेकलं नाही, आणि एकालाही उत्तर दिलं नाही. गठ्ठ्याला छान नाडी बांधली होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

मार्वेहून बोटीने मनोरीला गेले. आईला सांगितलं मैत्रिणीकडे चालले.

जानकीताई वैती, साठीच्या, ओट्यावर बसून बोंबील निवडत होत्या. नाव काढलं तेव्हा हातातला बोंबील तसाच राहिला. दशरथ एकवीस वर्षांचा होता, त्या पंधराच्या. त्याच्या नोकरीवर घर उभं राहणार होतं. पळाल्याचा कागद आला आणि जानकीताईंचं ठरलेलं लग्न मोडलं. पुन्हा जमलं नाही. आई बारा वर्षं रोज जेट्टीवर जाऊन बसायची, आणि येणारी-जाणारी माणसं तिला विचारायची की काय गं, आला का तुझा पळपुटा. ती तशीच गेली.

मी म्हटलं, तुम्हाला काय हवंय? पैसे, चौकशी, काय? त्यांनी मान हलवली. ‘‘माजा भाव पलाला नाय, येवरं कागदावर लिवून दे. बाकी काय नको.’’ मी त्यांचा खारट हात हातात घेतला आणि शब्द दिला. पुस्तकात ती ओळ येईल. मी लिहिणार आहे ना पुस्तक, मग येणारच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पत्रं टेबलावर ठेवली आणि म्हटलं, सर, मधलं वर्ष सांगा. मला वाटलं हाकलतील. खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत सांगायला लागले. मी सगळं उतरवलं. थोडक्यात इथेही लिहून ठेवते.

जहाज दुसऱ्या सकाळी निघायचं होतं. तळाच्या टाकीत दशरथ गंज खरवडायला उतरला होता. भोकाशी बसवलेल्या माणसाला सरांनीच दुसऱ्या कामाला पाठवलं. तासाभराने वरून निरोप आला की टाक्या बंद करून कळवा. सर भोकाशी आले. पाटीवर दशरथचं नाव होतं. आत तोंड घालून एकदाच हाक मारली, कोणी आहे का आत? उत्तर नाही. वाटलं, पोरगा वर गेला आणि पुसायचं विसरला. बाहीने नाव पुसलं. झाकण लावलं, बोल्ट आवळून घेतले, कागदावर सही केली. पोरगा आत घसरून, डोकं आपटून बेशुद्ध पडला असणार.

सकाळी हजेरीत तो नव्हता. बंदरावर उतरून पळाला असं धरलं. जहाज निघालं. दुपारी खालून ठोकण्याचा आवाज यायला लागला. तीन आणि तीन. सर समजले, तेव्हाच समजले. पण झाकण उघडलं तर सही कोणाची होती ते उघड झालं असतं, आणि तीन महिन्यांवर बढती होती. खलाशी विचारायला आले. सर म्हणाले, पाइप आहे.

दुसऱ्या दिवशीही आवाज होता. मग सरांनी टाकीत पाणी भरायचा हुकूम दिला. तोल राखायला, असं नोंदीत लिहिलं. पाणी भरायला वीस मिनिटं लागली आणि आवाज थांबला. वर्षभरात ते जुनं जहाज निवृत्त झालं, खोल समुद्रात नेऊन बुडवलं. टाकी कोणीच उघडली नाही.

चाळीस वर्षं मान, पदकं, सलामी, आणि हा माणूस माझ्यासमोर बसून हे सगळं सांगत होता. शेवटी म्हणाले, घाल पुस्तकात. आता पुरे झालं.

भिंतीतून दिवसभर आवाज आला नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सर फिरले. सत्काराचं छापील आमंत्रण आलं आज, वर पदकांसकट फोटो. सर आरशासमोर गणवेश घालून बघत होते. मला म्हणाले की परवाचं काढून टाक, तापात बोललो. लिही की दशरथ वैती नावाचा एक खलाशी पळून गेला, तरुण पोरं कशी बिघडतात याचं उदाहरण म्हणून.

माझं डोकं फिरलं. तोंडावर सांगितलं, सर, तुम्ही त्याला एकदा पुसलंत, आता माझ्या हाताने पुन्हा पुसताय. मी नाही लिहिणार. उलट तुम्ही सांगितलेलं सगळं माझ्याकडे आहे, ते मी प्रकाशकाला देईन आणि जानकीताईंनाही. सर नुसते माझ्याकडे बघत राहिले, शांतपणे, हिशोब जुळवताना बघतात तसे.

बोलायला नको होतं का? मूर्खासारखं सगळं सांगून बसले.

२ डिसेंबर, सोमवार

तीन दिवस कामावर गेले नाही. आज सरांचा फोन आला. आवाज मऊ. म्हणाले, रात्री झोप नाही, तू म्हणतेस ते बरोबर. उद्या ये, स्वच्छ प्रत कर, मी प्रत्येक पानावर सही करतो.

सही असेल तर कोणी नाकारू शकत नाही. सहीशिवाय माझं कोण ऐकणार, एका टायपिस्ट मुलीचं? आई म्हणते, चेहरा का उतरलाय तुझा, जाऊ नकोस. जाणार. एकच दिवस. जानकीताईंना फोन करून सांगितलं, त्या फोनवर नुसत्या रडल्या.

३ डिसेंबर, मंगळवार, दुपारी पाऊण

सह्या झाल्या! अकरा पानं, अकरा सह्या. मावशी रेशनला गेल्या आहेत. मी केबिनमध्ये शेवटचं पान तपासतेय, दहा मिनिटांत निघते, तशीच मार्वेला —

सर बाहेरून हाक मारताहेत. कोणी आहे का आत?

मी ओरडले, मी आहे ना सर, दर्शना!

पुन्हा विचारलं नाही. दाराच्या फटीतून बघितलं. पाटीसमोर उभे, माझ्याकडे पाठ. बाही उचलली —

एक वाजून दहा

दार लागलंय. ओढलं नाही कोणी, वाजलं नाही. नुसतं लागलंय. मूठ फिरत नाही. ठोकते आहे, ओरडते आहे. त्यांच्या चपलांचा आवाज येतो, येरझारा. ऐकू येतंय त्यांना. नक्की येतंय.

सव्वादोन

मावशी आल्या! आवाज ऐकला. विचारलं, दर्शना खंय? ते म्हणाले, गेली मघाशीच, नाव पुसून गेली.

मावशींनी दार उघडलं. देवा, दार उघडलं त्यांनी. मी धावले आणि मधेच आपटले. दारात काहीतरी आहे. दिसत नाही, हाताला लागतं. गार. लोखंड. मावशी दोन हातांच्या अंतरावर, माझ्या तोंडाकडे बघत. माझ्यातून बघत. मावशी, मी इथे आहे, मावशी —

मावशींनी पंखा बंद केला. दिवा बंद केला. दार ओढून घेतलं.

किती वाजले माहीत नाही

टेबलावर चढून जाळीजवळ लिहितेय, इथे थोडा उजेड. खाली पाणी. भिंतीतून येतंय, आवाज न करता. टेबलाचे पाय अर्धे बुडालेत. सह्यांची पानं कुर्त्यात खोचलीत.

भिंतीवर तीनदा ठोकलं. लगेच उत्तर आलं. तीन. अगदी जवळून.

दशरथ, रडू नको रे. तू पळाला नाहीस. माझ्याजवळ लिहिलेलं आहे.

पाणी टेबलावर

माझा फोन वाजतोय, बाहेर टोपलीत. आईची रिंग. वाजतोय. वाजतोय —

उचलला त्यांनी. ऐकू येतंय सगळं. दुपारीच निघाली, बाई, फोन इथेच विसरून. घरी नाही पोचली? मग जरा गंभीर आवाज काढून, मला बोलू नये, पण तिचं कोणाबरोबर काही होतं का? हल्लीच्या मुली. मैत्रिणीकडे म्हणून कुठे जायची, विचारलंत कधी?

हो ना बाई, मलाही तेच वाटत होतं, म्हणताहेत. तिला पटतंय. आई, नको ना गं —

जाळी एका बाजूने सैल झाली. हात जात नाही. वही जाईल. आधी पानं टाकते, मग वही. खाली डक्टमध्ये कोणाला मिळाली तर पानं मनोरीला, जानकी वैती. आणि वही विक्रोळीला, कन्नमवार नगरात, माझ्या आईला द्या, तिला सांगा, मी कोणाबरोबर पळून गेले नाही, मी इथेच आहे, केबिनमध्ये, आई, मी पळा